तीन फुटी चेहऱ्यासाठी लागणारे पिक्सेल

फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात फोटो आला की डिझायनर आधी चेहरा बघत नाही, फाइलची लांबी-रुंदी बघतो. वाढदिवस, दहावीचा निकाल, गणपतीची कमान, सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात आणि वाटेत आक्रसतात. मोबाइलने काढलेला 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो नेहमीसारखा पाठवला, तर पलीकडे बहुधा 1600 बाय 1200 एवढाच पोहोचतो. 1 कोटी 20 लाखांतले 19 लाख 20 हजार उरले. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य दुकानात दिवसभर ऐकू येतं, ते यासाठी.

परवा एका घरच्यांना श्रद्धांजलीचा बोर्ड हवा होता. नातवाने आजोबांचा फोटो म्हणून लग्नातला ग्रुप फोटो पाठवलेला. त्यातून चेहरा कापून घेतला, तो जेमतेम 60 पिक्सेल रुंद भरला. बोर्डावर चेहरा तीन फुटी हवा, म्हणजे 36 इंच. इंचाला दोन पिक्सेलसुद्धा येईनात. स्क्रीनवर मोठा केल्यावर अख्खा डोळा डझनभर चौकोनांच्या रुंदीत बसलेला दिसला, आणि फ्लेक्सवर त्यातला एकेक चौकोन अर्ध्या इंचाहून मोठा होणार होता.

“दादा, डीपीआय 300 करा ना, मग फाटणार नाही,” नातू म्हणाला.

डिझायनरने त्याच्यासमोरच फोटोशॉपमध्ये 72 चे 300 केले, नवे पिक्सेल भरण्याची खूण मात्र काढून टाकली. पिक्सेल होते तेवढेच राहिले. बदलली ती कागदावरची मापं. 1600 पिक्सेलची ओळ 72 ने छापली तर 22 इंच पसरते, 300 ने छापली तर सव्वापाच इंचांत संपते. हा आकडा फाइलमध्ये काहीच भरत नाही, असलेला माल किती दाट मांडायचा एवढंच सांगतो. व्हिडिओला तर इंचाशी देणंघेणंच नसतं. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160, मग पडदा केवढाही असो. मांडवातल्या एलईडी भिंतीचा अर्ध्या मीटरचा चौकोनी पॅनल पुष्कळदा 128 बाय 128 दिव्यांचा असतो. असे आडवे आठ आणि उभे पाच लावले, तर ती भलीमोठी भिंत दाखवते फक्त 1024 बाय 640.

नातवाने मग एआयने चेहरा साफ करून आणला. पापण्या, दात, सुरकुत्या, सगळं लख्ख. पण ते तपशील मूळ फोटोत नव्हतेच, इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने भरलेले होते. गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ही कारागिरी मला अजिबात पटत नाही. सोबत आलेल्या आत्याबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “हे अण्णा नाहीत.”

घरच्या अल्बममध्ये 4 बाय 6 इंचांचा जुना फोटो निघाला. चेहरा दीड इंच. 600 डीपीआयने स्कॅन केल्यावर त्या दीड इंचाचे 900 पिक्सेल मिळाले, तीन फुटांवर पसरले तरी इंचाला 25. मासिकासाठी 300 मागतात, कारण मासिक आपण डोळ्यांपासून फूटभर अंतरावर धरतो. दहा फुटांवरून त्याच डोळ्याला इंचाला तीसेक ठिपके पुरतात, आणि हा बोर्ड तर रस्त्यापलीकडून बघायचा होता.

मशीनवर लिहिलेले 720 डीपीआय हे आणखी वेगळं प्रकरण. ते शाईचे ठिपके. निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चारच रंग फवारत हेड इकडून तिकडे धावतं, त्यामुळे फोटोतल्या एका पिक्सेलची छटा जमवायला शाईचे अनेक थेंब पडतात. ओल्या शाईचा उग्र वास सुटला होता. मी भिंग लावून अण्णांचा गाल पाहिला. तिथे त्वचेचा रंग कुठेच नव्हता, नुसते किरमिजी आणि पिवळे थेंब, मध्येच एखादा निळा. दोन पावलं मागे सरलो आणि गाल दिसला, हनुवटीजवळच्या वणासकट. आत्याबाईंनी वणावर बोट ठेवलं आणि डिझायनरला बजावलं, “हा पुसायचा नाही हं.”