तेल उसनें मिळत नाहीं

ज्यानें आषाढांतला कुणकेश्वरचा समुद्र पाहिला आहे, त्यास सिद्धतेचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं तेथील मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारितात व मासेमारी बंद असतां जाळीं दुरुस्त करितात. परंतु 2021 सालीं तौक्ते वादळ मे महिन्यांतच या किनाऱ्याजवळून गेलें. संकट पंचांग पाहून येत नाहीं! प्रभु येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्याचें (मत्तय 25) मर्म हेंच. झोंप दहाही जणींस लागली. भेद होता तो बरोबर घेतलेल्या तेलाचा. मध्यरात्रीं वर आला, तेव्हां मागून तेल मिळालें नाहीं. विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या वेळीं दुसऱ्याचा अभ्यास व संकटाच्या वेळीं दुसऱ्याचा विश्वास उसना मिळत नाहीं. म्हणून आजचा पाठ व आजची प्रार्थना आजच करा.