बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा आहार: वजन उतरते आहे, पण पोषण होते आहे का?

स्लीव्ह शस्त्रक्रियेला पाच आठवडे झालेल्या एक बाई तपासणीसाठी आल्या. सोबत यजमान आणि सासूबाई होत्या. वजन १४ किलोने उतरल्यामुळे घरात आनंद होता. बाई मात्र दवाखान्यात येताना भिंतीला हात लावत चालत होत्या. विचारल्यावर कळले, की तीन आठवड्यांपासून त्यांना रोज दोन-तीन वेळा उलटी होत होती. "ऑपरेशननंतर असे होतच असेल, वजनही उतरतेय," असे म्हणून कोणी कळवले नव्हते. गोळीने मळमळते म्हणून व्हिटॅमिनची गोळीही बंद केली होती. आता पायांना मुंग्या येत होत्या आणि एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या.

हा थायामिनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी-१चा तीव्र अभाव होता. त्याच दिवशी शिरेतून थायामिन सुरू केले. नजर काही दिवसांत सुधारली, पण पायांतली ताकद आणि चालण्यातला तोल यायला कित्येक महिने लागले. आणखी उशीर झाला असता, तर हे नुकसान कायमचे राहिले असते.

हे उदाहरण सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरते. त्यासाठी वेगळे उपाशी राहावे लागत नाही. या काळात रुग्णाने सांभाळायचे असते ते पोषण. काय खावे, कसे खावे आणि कोणत्या तक्रारी अंगावर काढू नयेत, याची माहिती या लेखात घेऊ.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

दोन्हींत पोट लवकर भरते आणि भूकही कमी लागते. बायपासमध्ये आणखी एक बदल होतो. लोह आणि कॅल्शियम जिथे मुख्यतः शोषले जातात, तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. बी-१२ शोषण्यासाठी लागणारे जठरातील आम्ल आणि विशिष्ट प्रथिन दोन्ही शस्त्रक्रियांनंतर कमी पडते. त्यामुळे जेवण कितीही चांगले असले, तरी केवळ जेवणातून ही गरज भागत नाही.

पहिले सहा ते आठ आठवडे: एकेक पायरी

आत टाके असतात आणि जठराला सूज असते. ती भरून येईपर्यंत आहार पायरीपायरीने वाढवतात. प्रत्येक सर्जनचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. तुम्हाला दिलेला कागद हाच तुमच्यासाठी अंतिम समजा. साधारण क्रम असा असतो:

- पहिले एक-दोन दिवस: पाणी, नारळपाणी, गाळलेले पातळ सूप. एका वेळी एक-दोन घोट.
- पहिले दोन आठवडे: पातळ ताक, साय काढलेले दूध, गाळलेले मुगाच्या वरणाचे पाणी, चिकनचे गाळलेले सूप आणि सांगितलेली साखरविरहित प्रोटीन पावडर.
- तिसरा-चौथा आठवडा: मिक्सरमधून काढलेले मऊ अन्न. घोटलेले वरण, दही, कुस्करलेले मऊ पनीर, वाटलेली दुधीची भाजी.
- पाचवा-सहावा आठवडा: मऊ पण घट्ट अन्न. मऊ भुर्जी, वाफवलेला बिनकाट्याचा मासा, पातळसर पिठले, चांगली शिजलेली मुगाची उसळ.
- त्यानंतर: हळूहळू घरचे नेहमीचे जेवण. मसाला, तेल आणि प्रमाण मात्र कमी.

बरे वाटते म्हणून पायरी ओलांडू नका. दहाव्या दिवशी "एक घास पोळीने काय होणार?" असे वाटते. पण ताजी मऊ पोळी आणि पाव नीट चावले नाहीत, तर त्यांचा गोळा होऊन अडकतो. पहिल्या काही महिन्यांत ज्वारीची पातळ भाकरी किंवा फुलक्याचा चतकोर वरणात कुस्करून घेतल्यास सोसतो.

आधी प्रथिने

पोटात जागाच अर्धी वाटी असेल, तर ती कशाने भरायची याला महत्त्व येते. प्रथिने कमी पडली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरू लागते. मग थकवा येतो, जखम उशिरा भरते, केस जास्त गळतात. बहुतेक रुग्णांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आपल्या पारंपरिक ताटात भात-पोळी मोठी आणि वरण छोटे असते. इथे तो क्रम बदलावा लागतो. आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तर दोन घास भात किंवा भाकरी.

काही पदार्थांतील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण असे:

- एक अंडे: ६ ग्रॅम
- २०० मिली दूध: ६ ग्रॅम
- ५० ग्रॅम पनीर: ९ ग्रॅम
- ५० ग्रॅम मासा: १० ग्रॅम
- १०० ग्रॅम बिनसाखरेचा चक्का: ८ ग्रॅम
- एक वाटी घट्ट वरण: ६ ते ७ ग्रॅम

तीन महिन्यांनंतरचा एक दिवस उदाहरणादाखल पाहू. सकाळी दोन अंड्यांची भुर्जी. अकराच्या सुमारास २०० मिली दुधात एक माप, म्हणजे साधारण २० ग्रॅम प्रथिने देणारी प्रोटीन पावडर. दुपारी अर्धी वाटी घट्ट वरण, ५० ग्रॅम पनीर आणि थोडी भाजी. संध्याकाळी चक्का. रात्री कमी तेलात भाजलेला सुरमईचा छोटा तुकडा. एवढ्यात सुमारे ६५ ग्रॅम प्रथिने होतात. शाकाहारी व्यक्तींनी अंडे आणि माशाऐवजी पनीर, सोयाबीन, मुगाचे धिरडे आणि दही यांची सांगड घालावी. त्यांना प्रोटीन पावडर बहुधा जास्त काळ घ्यावी लागते.

कसे जेवावे?

- छोट्या ताटलीत, छोट्या चमच्याने जेवा. घास अगदी मऊ होईपर्यंत चावा. एका जेवणाला २० ते ३० मिनिटे द्या.
- पोट भरल्याची खूण ओळखा. काहींना छातीच्या मध्यभागी दडपण येते, काहींना उचकी लागते, काहींचे नाक वाहू लागते. तिथेच थांबा. ताटात उरलेला एक घास वाया जाऊ नये म्हणून खाल्ला, तरी उलटी होऊ शकते.
- जेवताना पाणी पिऊ नका. जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू करा. इतर वेळी बाटली जवळ ठेवून घोट घोट पीत दिवसाला किमान दीड लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे.
- सोडा आणि फसफसणारी थंड पेये टाळा.

डंपिंग: गोड खाल्ल्यावर घाम का फुटतो?

साखर जास्त असलेला पदार्थ जठरातून झपाट्याने आतड्यात उतरला, की १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. दुसऱ्या प्रकारात एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बायपासनंतर हे जास्त आढळते. उसाचा रस, श्रीखंड, जिलेबी, आमरस, गोड सरबते यांनी त्रास सुरू होतो. स्लीव्हनंतर हा त्रास झाला नाही, तरी अशा पदार्थांनी वजन पुन्हा वाढते. दिवसभर थोडा थोडा तोंडात टाकलेला फरसाण आणि चहा-बिस्किटे यांचाही परिणाम तोच.

गोळ्या किती दिवस?

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. उत्तर आहे: आयुष्यभर. साधारणपणे पुढील गोष्टी लागतात. नेमकी मात्रा तुमचे डॉक्टर रक्ततपासणीवरून ठरवतील.

- मल्टिव्हिटॅमिन: रोज. त्यात थायामिन असावे.
- बी-१२: रोज गोळी किंवा ठरावीक काळाने इंजेक्शन. शाकाहारींमध्ये शस्त्रक्रियेआधीच याची कमतरता अनेकदा असते.
- कॅल्शियम: दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ, दोन-तीन वेळांत विभागून. कॅल्शियम सायट्रेट कमी आम्लातही शोषले जाते, म्हणून ते सोयीचे.
- व्हिटॅमिन डी आणि लोह: पाळी येणाऱ्या स्त्रियांना लोह जास्त लागते.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी रक्त तपासा. बी-१२ची कमतरता वर्षे उलटल्यावरही उघड होते. म्हणून तब्येत ठणठणीत वाटली, तरी तपासणी चुकवू नका.

उपवास, सण आणि आग्रह

चतुर्थी-एकादशीचा उपवास करता येईल का, असे अनेक जण विचारतात. पहिले सहा महिने तरी उपवास करू नये. पुढे करायचाच असेल, तर निर्जळी नको. साबुदाण्याच्या खिचडीत जवळजवळ फक्त स्टार्च आणि तूप असते. त्याऐवजी दूध, ताक, दही, पनीर आणि थोडा राजगिरा घ्या. गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या. नवरात्राचे सलग नऊ उपवास मात्र टाळलेलेच बरे.

घरच्यांसाठीही एक विनंती. "एवढेसेच खातेस, अशक्तपणा येईल" असे म्हणून वाढलेला जादा घास या माणसाला खरोखर त्रास देतो. आग्रहच करायचा असेल, तर वेळेवर प्रोटीनचे दूध, पाणी आणि गोळी यांचा करा.

बरे होताना इतर काळजी

- चालणे: शस्त्रक्रियेच्या दिवसापासून किंवा दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चाला. त्यामुळे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. चार ते सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर असे जड काही उचलू नका.
- मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे: यांची गरज काही दिवसांतच कमी होऊ शकते. जुनाच डोस चालू ठेवल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते. घरी साखर मोजा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.
- वेदनाशामक गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि सिगारेटनेही तोच धोका वाढतो.
- दारू: बायपासनंतर थोडीही लवकर चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. टाळावी.
- केस गळणे: तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. प्रथिने आणि लोह पुरेसे असल्यास बहुतेकांचे परत येतात.
- गर्भधारणा: वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. १२ ते १८ महिने थांबा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. दुसरा उपाय विचारून घ्या. पुढे गरोदरपणात ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीआधी शस्त्रक्रिया झाल्याचे सांगा, कारण त्याने डंपिंग होऊ शकते.

हे अंगावर काढू नका

पुढीलपैकी काहीही झाल्यास तुमच्या सर्जनशी लगेच संपर्क साधा:

- ताप, छातीची सतत धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना. पहिल्या काही आठवड्यांत हे टाके गळत असल्याचे लक्षण असू शकते.
- दम लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीला सूज
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी
- दिवसभर पाणीही न टिकणे किंवा दोन-तीन दिवस वारंवार उलट्या
- पायांना मुंग्या, तोल जाणे, दोन वस्तू दिसणे, गोंधळल्यासारखे वागणे
- बायपासनंतर महिन्या-वर्षांनीही जेवल्यावर पोटात येणाऱ्या जोरदार कळा
- उजव्या बरगडीखाली दुखणे. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात.

उलट्यांमुळे अशक्तपणा आला, की आपल्याकडे जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घेतात. अशा वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा, "माझी बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजआधी थायामिन द्यावे लागेल का?" थायामिनच्या अभावात नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ती कुठे आहे हे दाखवून ठेवा.