हृदयाची नवी वाट : रोहिणी की नीला?

व्यापारी बंधूंनो, वानगी पाहिल्याविना आपण एका पोत्याचाही सौदा करीत नाही; परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला की पुढे केलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो. माझ्या वडीलबंधूंच्या वेळी मीही तेच केले. त्यांना पायातील नीला काढून बसविल्या होत्या. बारा वर्षांनी त्यांतील दोन बंद झाल्या, तेव्हा कोठे मी प्रश्न विचारू लागलो. जे समजले ते येथे सांगतो.

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी रोहिणी मेदाच्या थरांनी अरुंद झाली, तर अडथळ्याच्या पलीकडे दुसरी वाहिनी जोडून रक्तास नवी वाट करून देतात. हीच बायपास शस्त्रक्रिया होय. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ पासून पायातील नीलेचा हा उपयोग रूढ केला. भारतात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली.

नीला लांब मिळते व सुलभतेने काढता येते. परंतु ती कमी दाबासाठी घडलेली असते. रोहिणीचा दाब सोसताना तिचे अस्तर जाड होते, आणि दहा वर्षांत सुमारे निम्म्या नीला बंद पडतात वा बिघडतात. उलट, छातीच्या हाडामागील डावी रोहिणी दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊ जणांत वाहती राहते. कारण तिच्या अस्तरात सहसा मेद साचत नाही. ती हृदयाच्या पुढील मुख्य शाखेस जोडल्यास रुग्ण अधिक काळ जगतात, हे १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉ. फ्लॉइड लूप यांनी दाखविले.

मग सर्वच वाहिन्या रोहिणीच्या का घेऊ नयेत? छातीतील दोन्ही रोहिण्या काढल्यास मधुमेही रुग्णाचे हाड सांधण्यास अडचण येऊ शकते. शिवाय एक रोहिणी घेतलेले व दोन्ही घेतलेले यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत, २०१९ च्या अहवालानुसार, दहा वर्षांतील मृत्यूंत ठळक फरक आढळला नाही. मनगटाची रोहिणी नीलेपेक्षा अधिक टिकते. मात्र मूळ वाहिनी बरीच अरुंद झालेली असावी लागते, आणि हातास रक्त देणारी दुसरी रोहिणी सक्षम आहे हे आधी पाहावे लागते.

नवी वाटही कायमची नसते. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली. २००९ मध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने दिल्लीत दुसरी केली. त्यानंतर ते जवळजवळ सोळा वर्षे, डिसेंबर २०२४ पर्यंत, जगले.

तेव्हा सहीपूर्वी नम्रपणे विचारावे : कोणती वाहिनी, कोणत्या शाखेस, व का? वय, मधुमेह व मूत्रपिंडांची स्थिती पाहून उत्तर बदलेल. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी तंबाखू सोडणे, औषधे नेमाने घेणे व रोज चालणे हेही तितकेच महत्त्वाचे. माझे बंधू आता पहाटे बाग-ए-आममध्ये फिरतात. मी सोबत असतो.