लांब केस, मोठे बॅरल आणि माफक उष्णता

लग्नसराई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) हे दोन्ही प्रसंग खानदेशात ऐन उन्हाळ्यात येतात, त्यामुळे रावेरसारख्या तालुक्याच्या गावीही चैत्र-वैशाखात केशरचनेकडे विशेष लक्ष दिले जाते. वेणी, खोपा आणि गजरा माळलेला अंबाडा यांच्या जोडीला आता कमरेपर्यंतचे केस मोकळे सोडून त्यांना मोठ्या, सैल लाटा देण्याची पद्धतही रूढ झाली आहे. या लाटांसाठी वापरले जाणारे साधन म्हणजे कर्लिंग वाँड, अर्थात विजेवर तापणारी आणि चिमटा नसलेली दांडी, जिच्याभोवती केसांची बट काही सेकंद गुंडाळून धरली जाते. या दांडीच्या तापणाऱ्या दंडगोल भागाला बॅरल म्हणतात, आणि त्याचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असला की ते मोठे बॅरल समजले जाते. पार्लरमधून हे साधन घरात आले खरे, परंतु खरेदी करताना ते किती लवकर आणि किती जास्त तापते हाच प्रश्न बहुधा आधी विचारला जातो. लांब केसांच्या बाबतीत हा निकष दिशाभूल करणारा आहे, कारण वळण टिकते ते बॅरलचा व्यास, बटेची जाडी आणि वळण थंड होण्यास दिलेला अवधी या तिन्हींच्या मेळातून. ठरावीक मर्यादेपुढील तापमान वळणात फारशी भर घालत नाही, केसांचे नुकसान मात्र वाढवते.

केसांना वळण देण्याची हौस प्राचीन आहे. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील डोंगरांत कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांपैकी १७ क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेले प्रसाधनाचे एक प्रसिद्ध चित्र आहे, ज्यात हाती आरसा घेतलेली राजकन्या सेविकांसह दिसते. अजिंठ्याच्या अनेक स्त्री-आकृतींच्या कपाळावर आणि मानेवर कुरळ्या बटा काळजीपूर्वक रेखलेल्या आढळतात. प्राचीन रोममध्ये निखाऱ्यात तापवलेल्या लोखंडी नळीभोवती केस गुंडाळले जात, आणि १८७२ च्या सुमारास पॅरिसमधील केशरचनाकार मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडण्याचे तंत्र रूढ केले, जे पुढे ‘मार्सेल वेव्ह’ या नावाने जगभर पसरले. या जुन्या साधनांत उष्णतेची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती उष्णतेवरील नियंत्रणाची, आणि विजेच्या आधुनिक वाँडने खरी भर घातली ती याच ठिकाणी.

वळण बसते कसे

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असून, या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः तीन प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. गंधकाच्या अणूंमधील डायसल्फाइड बंध सर्वांत बळकट असतात आणि ते रासायनिक प्रक्रियेशिवाय सहसा सुटत नाहीत. कार्ल नेस्लर याने १९०६ मध्ये लंडनमध्ये लोकांपुढे आणलेली ‘पर्मनंट वेव्ह’, म्हणजे कायमचे कुरळे करण्याची पद्धत, याच बंधांवर अवलंबून होती. दुसरे बंध विद्युतभारित अणुगटांमधील असतात, आणि तिसरे, संख्येने विपुल पण एकेकटे दुर्बळ असे हायड्रोजन बंध असतात, जे पाण्याने आणि उष्णतेने सैल होतात व केस सुकताना किंवा थंड होताना पुन्हा जुळतात. वाँडचे काम या तिसऱ्या बंधांपुरते असते. उष्णतेने बंध सुटतात, बट बॅरलचा गोलावा घेते, आणि ती त्या आकारात असताना थंड झाली तर बंध नव्या जागी जुळतात. सुती कपड्याला इस्त्रीने पाडलेली घडी धुईपर्यंत टिकते आणि पाणी लागताच नाहीशी होते, त्यामागेही हेच कारण आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की वळण पक्के होण्याचा क्षण तापण्याचा नसून थंड होण्याचा असतो, म्हणून वाँडवरून उतरवलेली बट गरम असतानाच मोकळी सोडली तर लांब केसांचे वजन तिला लगेच खाली ओढते. दुसरी अशी की हवेतील ओलावा हा वळणाचा शत्रू आहे. केस आर्द्रतेला इतके संवेदनशील असतात की होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाच्या केसाच्या लांबीतील फरकावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तशी उपकरणे पुढे दीर्घकाळ हवामान नोंदीत वापरली गेली. रावेरचे हवामान या दृष्टीने दोन टोकांचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, तेव्हा हवा कोरडी असल्याने वळण टिकायला हवे, परंतु मानेवरचा व टाळूवरचा घाम मुळांजवळचे वळण आतूनच सोडवतो आणि तापलेल्या खोलीत बट थंड व्हायलाही अधिक वेळ लागतो. उलट श्रावण-भाद्रपदात ऊन कमी असूनही ओलसर हवेमुळे लाटा काही तासांत उतरतात. म्हणून उन्हाळ्यात हे काम पंख्याखाली, सकाळच्या वेळी करणे आणि मुळापासून चार-पाच बोटे जागा सोडून वळण सुरू करणे हितावह ठरते.

व्यास, लांबी आणि लेप

वाँडची निवड करताना बॅरलचा व्यास हा पहिला विचार असतो. बाजारात साधारणपणे १९, २५, ३२ आणि ३८ मिलिमीटर व्यासाची बॅरले मिळतात. २५ मिलिमीटरच्या बॅरलचा घेर सुमारे ७९ मिलिमीटर, ३२ चा सुमारे १०० आणि ३८ चा सुमारे ११९ मिलिमीटर भरतो, म्हणजे ५० सेंटिमीटर लांबीची बट पहिल्यावर सहा, दुसऱ्यावर पाच आणि तिसऱ्यावर चार वेढे घेते. वेढे कमी तितकी लाट मोठी, परंतु लाट जितकी मोठी तितकी ती वजनाने लवकर उलगडते, कारण बटेच्या वरच्या भागाला खालच्या सर्व केसांचा भार पेलावा लागतो. त्यामुळे जी लाट अखेरीस हवी असेल तिच्याहून एक माप लहान बॅरल घेणे हा सुरक्षित नियम आहे. छातीपर्यंतच्या केसांना २५ ते ३२ मिलिमीटर, तर कमरेपर्यंतच्या, दाट आणि मुळातच थोडे नागमोडी असलेल्या केसांना ३२ ते ३८ मिलिमीटर व्यास शोभतो. सरळ, पातळ आणि निसरड्या केसांवर ३८ मिलिमीटरचे वळण बहुधा टिकत नाही.

व्यासाइतकीच बॅरलची लांबी महत्त्वाची असते, पण खरेदीच्या वेळी ती सहसा पाहिली जात नाही. दोन सेंटिमीटर रुंदीची बट एकावर एक न चढवता पाच वेढे गुंडाळायची तर किमान दहा सेंटिमीटर तापणारी जागा लागते, आणि बॅरल आखूड असल्यास वेढे एकमेकांवर बसून आतले केस जास्त भाजतात तर बाहेरचे कोरेच राहतात. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बॅरलवर वरचे आणि खालचे वळण वेगवेगळ्या आकाराचे पडते, म्हणून एकसारख्या मोठ्या लाटांसाठी सरळ बॅरल अधिक योग्य असते.

बॅरलच्या पृष्ठभागाबाबत सिरॅमिक, टूर्मलिन आणि टायटॅनियम ही नावे वारंवार ऐकू येतात. सिरॅमिक म्हणजे भाजलेल्या मातीच्या वर्गातील पदार्थ. बहुतेक वाँडमध्ये त्याचा धातूवर दिलेला पातळ लेप असतो, जो उष्णता समान पसरण्यास आणि केस न अडकता सरकण्यास मदत करतो. टूर्मलिन हे एक खनिज असून त्याची पूड या लेपात मिसळलेली असते. टायटॅनियमचे बॅरल लवकर तापते आणि केसांना उष्णता झपाट्याने देते, म्हणून ते जाड केसांवर सरावलेल्या हाताने वापरणे बरे. घरगुती वापरासाठी सिरॅमिकचा अखंड लेप पुरेसा आहे. लेपाचा टवका उडालेली वाँड मात्र बाद करावी, कारण उघड्या पडलेल्या खरखरीत जागी केस अडकतात व तुटतात.

विजेच्या बाजूनेही काही गोष्टी तपासणे आवश्यक असते. भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची असल्याने, परदेशातील नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेली केवळ १२० व्होल्टची वाँड येथे लावल्यास ती साडेतीन पटींहून अधिक वीज खेचून जळू शकते. दोन्ही दाबांवर चालणाऱ्या वाँडवर तसे आकडे छापलेले असतात. बहुतेक वाँड शंभर वॅटच्या आतबाहेर वीज घेतात, त्यामुळे ऐन कार्याच्या दिवशी वीज गेली तरी त्या घरच्या इन्व्हर्टरवर चालू शकतात, जे हजार वॅटच्या हेअर ड्रायरला सहसा शक्य होत नाही. अंशांत तापमान ठरवण्याची सोय आणि ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी असलेले साधन थोडे महाग असले तरी तेच घ्यावे.

वापराची रीत

वाँड वापरण्यापूर्वी केस धुऊन पूर्ण कोरडे करणे ही पहिली अट आहे. ओलसर केस तापवले तर आतील पाण्याची वाफ होऊन केसाच्या दांड्यात पोकळ बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ या विकाराला ‘बबल हेअर’ म्हणतात, आणि ओल्या केसांवर १२५ अंश तापमानाची वाँड मिनिटभर धरली तरी तो उद्भवू शकतो. तेल लावलेल्या केसांवरही वाँड फिरवू नये, कारण तापलेले तेल धुरकटते आणि बॅरलवर चिकटून लेप खराब करते. खोबरेल तेलाचे स्थान धुण्याच्या आधी आहे. खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको या मुंबईच्या कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की धुण्यापूर्वी किंवा नंतर लावलेले खोबरेल तेल केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी करते, तर खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांनी ती कमी होत नाही.

कोरड्या केसांवर उष्णतारोधक द्रव, ज्याला हीट प्रोटेक्टंट म्हणतात, हलकासा फवारून व तो सुकू देऊन केसांचे वरचे, मधले आणि खालचे असे थर करावेत आणि मानेजवळच्या खालच्या थरापासून आरंभ करावा. पातळ किंवा रंगवलेल्या केसांसाठी १२० ते १५०, मध्यम केसांसाठी १५० ते १८० आणि जाड, निरोगी केसांसाठी फार तर १८० ते २०० अंश सेल्सियस पुरे होतात. उष्णतेपासून बचाव करणारा हातमोजा घालून, वाँडचे टोक खाली ठेवून, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची बट मधल्या भागापासून चेहऱ्याच्या विरुद्ध दिशेने गुंडाळावी, शेवटची दोन-तीन सेंटिमीटर टोके बाहेर ठेवावीत आणि आठ ते दहा सेकंदांनी बट उलगडू न देता वाँड खाली सरकवून काढावी. त्यानंतर ते वळण तळहातावर झेलून, गोल आकारातच क्लिपने डोक्याशी अडकवावे आणि सर्व केस पूर्ण थंड झाल्यावरच क्लिपा काढाव्यात. लांब केसांसाठी ही पायरी सर्वांत निर्णायक असूनही घाईत तीच वगळली जाते. शेवटी बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने लाटा सैल कराव्यात. हेअर स्प्रे ज्वालाग्राही असल्याने तो वाँड बंद करून दूर ठेवल्यानंतरच वापरावा. त्वचेला चटका बसल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

लांबीचे वय

लांब केसांना अधिक जपावे लागते याचे कारण त्यांच्या वयात आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक चार ते पाच वर्षांचे असते, आणि एवढ्या काळातील ऊन, धूळ, कंगवा आणि साबण यांनी त्यावरील खवल्यांचे संरक्षक आवरण आधीच झिजलेले असते. केस हा मृत पेशींचा बनलेला असल्याने भाजलेले टोक स्वतःहून भरून येत नाही. ते कापावे लागते, आणि एका संध्याकाळच्या लाटांसाठी अनेक महिन्यांची वाढ खर्ची पडते. म्हणून वाँडचा वापर सणासमारंभापुरता ठेवणे, एकाच बटेवर एका दिवसात दुसऱ्यांदा उष्णता न देणे आणि टोकांना सर्वांत कमी वेळ देणे हे नियम पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी आणि घरी स्वतःच्या हाताने केस सजवणाऱ्या मुलींनी सारख्याच निष्ठेने पाळायला हवेत. दुकानात वाँड हाती घेतल्यावर ती कमाल किती तापते हे विचारण्याऐवजी तिचे तापमान किती खाली आणता येते, बॅरलची तापणारी लांबी किती आहे आणि व्यास आपल्या केसांच्या लांबीला व पोताला साजेसा आहे का, हे प्रश्न विचारले गेले, तर लाटा अधिक टिकतील आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे जोपासलेली लांबीही शाबूत राहील.