कॉल सेंटरमध्ये माणसे का टिकत नाहीत

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे असा एमआयडीसीचा पट्टा आहे. रसायने, औषधे आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी इथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मजल्यांवर बँका, विमा, मोबाइल आणि ऑनलाइन खरेदीची ग्राहकसेवा चालू लागली. 2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली, तशी ही कामाची जागा कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या मुलामुलींच्याही आवाक्यात आली. बारावी किंवा साधी पदवी, बरे बोलणे आणि रात्रपाळीची तयारी एवढ्यावर इथे नोकरी मिळते. ती सहा-आठ महिन्यांत सुटतेही. मग घरचे म्हणतात, ‘आजकालच्या पोरांत दमच नाही.’

हा आरोप अन्यायाचा आहे. माणसे सोडून जाणार, हे या कामाच्या हिशेबातच आधीपासून धरलेले असते. तो हिशेब उलगडला की फ्लोअरवरचा ताण कुठून येतो तेही कळते.

सुरुवात कराराने होते. एखादी बँक आपली फोनसेवा, म्हणजे ‘प्रोसेस’, बीपीओ कंपनीला, म्हणजे अशी कामे बाहेरून करून देणाऱ्या कंपनीला, देते. करारात बहुधा अशी अट असते की शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. त्यासाठी किती माणसे लागतील हे काढण्याचे सूत्र शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एरलांग यांनी ते 1917 मध्ये मांडले.

एक उदाहरण करून पाहू. अर्ध्या तासात शंभर फोन येतात आणि प्रत्येकाला सरासरी सहा मिनिटे लागतात. हे सहाशे मिनिटांचे काम झाले, म्हणजे वीस माणसांचा पूर्ण अर्धा तास. पण फोन ओळीने येत नाहीत, कधी दहा एकदम येतात तर कधी एकही येत नाही. त्यामुळे करार पाळायला सूत्राप्रमाणे 25 माणसे लागतात. आता सरासरी वेळ सहावरून साडेपाच मिनिटांवर आणा. तेवढेच फोन 23 माणसांत भागतात. प्रत्येक कॉलमागे अर्धे मिनिट वाचले की पंचवीसमधले दोन पगार वाचतात.

टीएल, म्हणजे टीम लीडर, दिवसभर ‘एएचटी कमी करा’ का म्हणतो, त्याचे उत्तर या दोन पगारांत आहे. एएचटी म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. हा आग्रह टीएलच्या मनातला राग नसतो. त्याच्याही डोक्यावर तोच आकडा असतो आणि त्याचा इन्सेंटिव्ह त्यावर ठरतो.

ताण दुप्पट होतो तो दुसऱ्या मोजमापामुळे. क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणारा विभाग, काही कॉल ऐकून गुण देतो. ग्राहकाचे नाव घेतले का, ओळख पडताळली का, दिलगिरी नीट व्यक्त केली का, ‘आणखी काही मदत हवी का’ विचारले का, हे सगळे त्यात तपासले जाते. पडताळणी राहिली तर ती ‘फेटल’ चूक ठरते आणि पूर्ण कॉलला शून्य मिळते. शिवाय कॉलनंतर ग्राहक स्वतः गुण देतो ते वेगळेच. लवकर संपवा, पण काही सोडू नका, आणि समोरचा खूश झाला पाहिजे. तिन्ही आकडे एकाच माणसाच्या नावापुढे रोज लागतात. ज्याचे आकडे तळाच्या चौथाईत येतात त्याला आधी समज मिळते, मग सुधारणेची मुदत, आणि इन्सेंटिव्ह तर जातोच.

याशिवाय आणखी एक मोजमाप हजेरीच्या वेळेचे. लॉगिन कधी, ब्रेक किती, पाणी प्यायला उठलात तर किती मिनिटे, हे यंत्र नोंदवते. सिस्टीम सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात म्हणून शिफ्टच्या आधी पोहोचायचे, पण पगाराचे घड्याळ लॉगिनपासून चालू होते, ही तक्रार जवळपास प्रत्येक फ्लोअरवर ऐकू येते.

मोजले जात नाही ते काम यांहून जड असते. समोरचा शिव्या देत असताना आवाज गोड ठेवायचा आणि कॉल संपल्यावर तीन सेकंदांत पुढचा घ्यायचा. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ म्हटले. हे श्रम थकवतात, पण पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचा रकाना नसतो. अमेरिकेची प्रोसेस असेल तर त्यात झोपेची भर पडते. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात, की इथली शिफ्ट तासाने सरकते. घरातल्या लग्नाच्या दिवशी वीक-ऑफ मिळेल की नाही, हे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, लागेपर्यंत कळत नाही.

तरीही तिथे काम केलेल्यांशी निवांत बोलले की सूर केवळ कडवट नसतो. पहिल्या पगारातून घरी फ्रीज आल्याचे ते अभिमानाने सांगतात. अनोळखी माणसाशी न घाबरता बोलायला शिकलो, मोठ्या कॉलेजचे नाव नसतानाही कुणी दारात उभे केले, रात्री तीन वाजता बॅचमेटबरोबर घेतलेल्या चहासारखी मैत्री पुन्हा मिळाली नाही, असेही ते म्हणतात. दुखते ते वेगळेच. आजारी असल्याचे सांगितल्यावर आधी शंका घेतली जाते. दोन वर्षे राहूनही नव्या बॅचपेक्षा पगार फारसा वेगळा नसतो. आणि आपण गेलो तर सोमवारी त्या खुर्चीवर दुसरे कुणी बसेल, हे रोज जाणवते.

ते खरेच असते, कारण पुढचा हिशेब तसाच आहे. फोनवर 25 माणसे हवीत. रजा, प्रशिक्षण आणि ब्रेक यांत समजा तीस टक्के वेळ जातो, तर पटावर 36 माणसे ठेवावी लागतात. त्यातली सहा टक्के दर महिन्याला सोडतात असे धरले तर महिन्याला दोन नवी लागतात. प्रशिक्षण सहा आठवड्यांचे असेल तर वर्गात सतत कुणीतरी शिकत असले पाहिजे. म्हणून भरती कधीच थांबत नाही. गळती हा इथे अपघात ठरत नाही, तो अंदाजपत्रकातला एक रकाना असतो. नव्या माणसाला शिकवण्याचा खर्च जुन्याला टिकवण्याच्या खर्चापेक्षा कमी वाटतो, तोपर्यंत हा रकाना भरलेलाच राहणार.

कर्मचाऱ्याने आपला हिशेबही तितकाच नीट मांडायला हवा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली, पण आठवड्याचे 48 तास कायम ठेवले. जादा कामाला दुप्पट दर हा हक्क आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी. रात्रपाळीच्या ने-आणीसाठीच्या गाडीच्या नियमांकडे कुणी औपचारिकता म्हणून पाहू नये. 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीची हत्या कंपनीसाठी धावणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने केली होती.

लवकर नोकरी सोडणाऱ्याचे पैसेही सांडतात. कायम नोकरीतल्या माणसाला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते, म्हणजे आठ महिन्यांत जाणाऱ्याला ती नाहीच. भविष्यनिर्वाह निधी त्यातल्या पेन्शनच्या रकमेसह दर वेळी काढून घेतला तर निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. तो त्याच यूएएनखाली, म्हणजे निधीच्या कायम क्रमांकाखाली, नव्या कंपनीत वळवावा. पेपर टाकायचा, म्हणजे राजीनामा द्यायचा, तर ईमेलने टाकावा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. न सांगता जाणे बंद केले की ‘ॲबस्कॉन्डिंग’चा शेरा बसतो आणि रिलीव्हिंग लेटर अडकते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. ते अडले तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.

ऑफर लेटर हातात आले की सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. रोस्टर किती दिवस आधी लागतो? हातात येणाऱ्या पगारात इन्सेंटिव्हचा वाटा किती? नोटीस किती दिवसांची आणि ती पैसे देऊन भरून काढायची सोय आहे का? या टीममध्ये वर्षभरापेक्षा जुने किती जण आहेत? चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. जिथे ते मोकळेपणाने मिळते तिथे जरूर बसावे, शिकावे, अनुभव गाठीला बांधावा. आणि आकडे जुळले नाहीत म्हणून मुलगा किंवा मुलगी घरी परतली, तर त्यांच्या हिमतीवर बोट ठेवण्याआधी घरच्यांनी तो पंचविसातल्या दोन पगारांचा हिशेब आठवावा.