कोबाल्ट : जयपूरच्या निळाईमागील धातू

जयपूरची ‘ब्लू पॉटरी’ आणि तेथील मीनाकारीचे दागिने त्यांच्या गडद निळ्या रंगासाठी प्रसिद्ध आहेत. हा रंग कोबाल्ट या धातूमुळे प्राप्त होतो. मोबाइल फोनची बॅटरी, विमानाचे इंजिन आणि कर्करोगावरील उपचार यांतही याच धातूचा उपयोग होतो. एकेकाळी जयपूर संस्थानातच कोबाल्टचे खनिज काढले जात असे. आज मात्र या धातूसाठी भारताला परदेशांवर अवलंबून राहावे लागते.

कोबाल्टचा शोध लागण्यापूर्वी शेकडो वर्षे त्याचा रंग वापरात होता. जर्मनीतील खाणकामगारांना एक चकाकणारे खनिज सापडे, परंतु ते भट्टीत तापवल्यावर चांदी वा तांबे न मिळता आर्सेनिकचा विषारी धूर निघे. ही खाणीतील ‘कोबोल्ड’ नावाच्या पिशाचाची करणी असल्याचा समज होता. त्यावरूनच धातूला हे नाव मिळाले. या खनिजामुळे काचेला येणारा निळा रंग बिस्मथचा असावा, असे मानले जाई. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग ब्रांट यांनी १७३५ च्या सुमारास हा रंग एका नव्या धातूचा असल्याचे दाखवून दिले. शोधकर्त्याचे नाव निश्चितपणे ज्ञात असलेला हा इतिहासातील पहिला धातू मानला जातो.

जयपूरच्या कारागिरांकडे निळ्या मिन्यासाठी ‘सेहता’ नावाचे खनिज येत असे. ते तत्कालीन जयपूर संस्थानातील खेतडीच्या तांब्याच्या खाणींतून मिळे. खेतडी आज राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे एफ. आर. मॅलेट यांनी १८८१ मध्ये तेथील कोबाल्ट खनिजांचे वर्णन प्रसिद्ध केले. कोबाल्ट व गंधक यांच्या संयुगाच्या एका खनिजाला तर ‘जयपुराइट’ हे नाव मिळाले आहे.

कोबाल्टचा अणुक्रमांक २७ असून तो १,४९५ अंश सेल्सिअसला वितळतो. पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २५ भाग इतकेच आहे. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना नष्ट होते, तर कोबाल्टचे ते सुमारे १,१०० अंशांपर्यंत टिकते. त्याचे काळे ऑक्साइड झिलईच्या काचेत विरघळले की प्रकाशातील पिवळे, नारिंगी व तांबडे किरण शोषले जातात आणि निळा रंग दिसतो. त्यासाठी ऑक्साइडचे अत्यल्प प्रमाण पुरते.

उच्च तापमानातही कणखर राहणारे कोबाल्टचे मिश्रधातू जेट इंजिनात वापरतात. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा प्रमुख घटक होता. शरीराला आवश्यक असलेल्या ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या केंद्रस्थानीही कोबाल्टचा अणू असतो.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा केल्यास सामान्य कोबाल्टपासून किरणोत्सारी कोबाल्ट-६० तयार होते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे. राजस्थानातील रावतभाटा येथील अणुभट्ट्यांमध्ये त्याची निर्मिती झाली आहे. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट करता येतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात याच किरणांचा उपयोग कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी करण्यात आला. मात्र निष्काळजीपणा झाल्यास हे किरण घातक ठरतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता.

कोबाल्ट बहुतांशी तांबे व निकेल यांच्या खाणींतून जोड-उत्पादन म्हणून मिळते. जगातील दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तेथील लहान खाणींत मुलांना राबवले जात असल्याबद्दल मानवी हक्क संघटनांनी वारंवार आवाज उठवला आहे. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यात स्थगित केली व ऑक्टोबरपासून तिच्यावर कोटा लागू केला. भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत कोबाल्टचा समावेश आहे. बॅटरी उद्योगाची गरज प्रचंड, तर कुंभाराची चिमूटभर. तरीही दोघांना एकाच बाजाराकडे पाहावे लागते. त्यामुळे काँगोतील एका निर्णयाची झळ जयपूरच्या भट्टीपर्यंतही पोहोचू शकते.