वऱ्हाडातील धाब्याचे घर आणि ‘खण’ हा शब्द

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील जुन्या खेड्यांत घराचा विस्तार सांगावयाचा तो खणांत. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, 1857) ‘खण’ म्हणजे घराच्या दोन तुळयांमधील अंतर, असा अर्थ दिलेला आहे. घराचे माप भिंतींवरून न घेता लाकडावरून का घेतले गेले, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

वऱ्हाडची जमीन काळी, कपाशीची. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीवर उभारलेली जड भिंत कालांतराने तडकते. म्हणून छपराचा भार भिंतीवर न टाकता सागवानी खांबांवर टाकण्याची पद्धत येथे सोयीची ठरली. सागाचे रान उत्तरेस मेळघाटात होतेच. खांब दगडी उथळ्यावर उभा करीत. त्यामुळे त्याच्या बुंध्यास ओल व वाळवी सहसा पोचत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपांचे किलचण, त्यावर पाला आणि सर्वांत वर चोपून बसविलेली पांढरी माती, असे हे धाबे. लाकडे एकमेकांच्या खाचांत बसविलेली असल्यामुळे जमीन थोडीफार हलली तरी सांगाडा ते सोसतो. भिंत हा केवळ आडोसा होय; एखाद्या पावसाळ्यात ती ढासळली, तरी घर उभे राहते.

धाब्याची माती जड असल्यामुळे कडी फार लांब घेता येत नाही. अर्थात दोन तुळयांमधील अंतर लाकडाच्या कुवतीनेच ठरते. घर वाढवावयाचे म्हणजे आणखी एक खण जोडावयाचा. अशा घरात खण हेच स्वाभाविक माप होय.

गावाच्या वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि शेताची ती ‘काळी’, हा भेदही येथे लक्षात घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतील राख, शेण व पडक्या भिंती यांनी पांढरीची माती बनते. ती काळीइतकी फुगत नाही. म्हणूनच ती धाब्यास व गढीच्या भिंतींस योग्य ठरली.

शब्दांची कुळे पाहता, ‘खांब’ हा प्राकृत ‘खंभ’ या शब्दापासून व ‘तुळई’ हा संस्कृत ‘तुला’ या शब्दापासून आलेला आहे. उलट ‘दरवाजा’ व ‘ढेलज’ हे फारसीकडून आले. भार वाहणाऱ्या भागांची नावे जुनी आणि प्रवेशाच्या भागांची नवी, ही गोष्ट सूचक आहे. परंतु चार शब्दांवरून व्यापक सिद्धान्त मांडणे उचित नव्हे.

आज सिमेंटचा स्लॅब पडतो, जुनी सागवानी लाकडे विकली जातात आणि घर खोल्यांत मोजले जाते. कोशात ‘अंतर’ हा अर्थ राहील. ते अंतर कशाने ठरत असे, हे मात्र कोशातून कळणार नाही. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे प्राचीन केंद्र. त्यांच्या ‘स्थानपोथी’तील पटिशाळा व अंगणे यांची वर्णने वाचतानाही अशीच अडचण येते: शब्द कळतो, वास्तू डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून बोलीच्या सर्वेक्षणास निघणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दांच्या यादीबरोबर घराचा मापासह आराखडा काढावा आणि प्रत्येक भागाचे नाव व काम गावच्या वृद्ध सुताराकडून समजून घ्यावे. हे काम, धाब्याची घरे उभी आहेत तोवरच होण्याजोगे आहे.